वच्छलाकाकूंचं आवतन

वच्छलाकाकू रोज सकाळी तुमसरच्या गल्ल्यांमधून आवतन देत फिरतात, आणि लग्न कोणाचंच नसतं.

आमच्याकडे निमंत्रणाला आवतन म्हणतात. पत्रिका छापली, फोन केला, तरी ते आवतन होत नाही. बोलावणाऱ्याने दारात आलं पाहिजे, ज्याला बोलवायचं त्याचं नाव घेतलं पाहिजे आणि त्याच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले पाहिजेत. काकू हे सगळं करतात. खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलची डबी काढतात, हळद लावलेले तांदूळ समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि एसटी स्टँडवर गाडी पुकारावी तशा आवाजात म्हणतात, "प्रवीणबाबू, आज चार वाजता दवाखान्यात येजो. एक म्हातारा आहे, त्याच्यापाशी बसाचं आहे."

प्रवीण तांदळाच्या गिरणीत वजनकाट्यावर काम करतो. दिवसभर तांदळातच असतो. तरी ते दाणे तो दोन्ही हातांनी घेतो. आणि चार वाजता येतो. येतो! मला झोंबतं ते हेच.

कारण संस्था माझी आहे. म्हणजे मी काढलेली आहे. आमच्या सरकारी दवाखान्यात खेड्यांवरून येणारे कितीतरी रुग्ण एकटे असतात. घरच्या माणसाला मजुरी बुडवून बसता येत नाही. अशा रुग्णापाशी बसायचं, पाणी द्यायचं, औषधाच्या खिडकीवर जायचं, गरज पडली तर सिस्टरला हाक मारायची. एवढंच काम. त्यासाठी स्वयंसेवक हवेत, असं मला वाटलं. डॉक्टरसाहेबांनी वॉर्डाबाहेर एक बाक दिला. संस्थेचं नाव 'सोबत' मी ठेवलं, घटना मी लिहिली, शपथ मी लिहिली आणि पहिलं पत्रकही मीच लिहिलं. त्याचा मथळा होता, 'तुमच्या विवेकाला जाहीर सवाल!'

पत्रकं माझ्या रक्तात आहेत. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पत्रकांची एक पेटी आहे. इतर पोरं बडबडगीतांवर वाढली, मी 'बंधूंनो, उठा!' वर वाढलो. खरं वाक्य छापून माणसाच्या हातात दिलं की तो उठलाच पाहिजे, असं मला अजूनही वाटतं. आणि माणसं उठायचीसुद्धा. उठून भज्यांच्या गाडीवर जायची आणि माझ्या सवालात भजी बांधून घ्यायची.

उद्घाटनाला मांडव भरला होता. शपथ एका आवाजात झाली. पंधरवड्यानंतर बाकावर मी आणि माझी छत्री, असे दोघेच उरलो.

अशा एका दुपारी काकू आल्या. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी झाली आणि त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाही त्या खिडकीतच होत्या. लोक घाबरून विचारायचे, "बाई, आता गोंदियाले जायले काय लागते?" काकू म्हणायच्या, "तिकीट लागते." अख्ख्या तालुक्याच्या त्या काकू होत्या, पण काका कोणी पाहिलेले नव्हते आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

बाकावर बसून त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"बाकीचे कुठं आहेत?"

"सगळ्यांना कळवलं आहे," मी म्हणालो.

"कळवलं. आवतन देलं का?"

"काकू, ही पंगत नाही. हे कर्तव्य आहे."

"असन बाप्पा. पण कर्तव्यालेही कोणी बोलवाले तं जा लागते न?"

दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन निघाल्या. महिन्याभरात बाक भरला. नुसता भरला नाही, बाकावर जागेवरून कुरबुरी होऊ लागल्या. माझ्या संस्थेत! जिथे मी एकेका माणसासाठी घसा कोरडा केला होता, तिथे लोक म्हणू लागले, "काकू, मले शनिवारी नाही बोलावलं तुमी."

काकूंची स्वयंसेवक सांभाळायची रीत कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पहिली गोष्ट, त्या कोणाकडूनही कायमचा शब्द घेत नाहीत. रोज नवं आवतन. काल आलेल्यालाही आज पुन्हा. मी एकदा विचारलं, "प्रवीण दर सोमवारी येतोच, त्याच्या घरी कशाला जाता?" तर म्हणाल्या, "कालची गाडी आज पुकारावी नाही लागत का?"

दुसरी गोष्ट, रुसवा. आमच्याकडे लग्नात रुसणारे असतातच, तसे स्वयंसेवकही रुसतात, हे काकूंनी गृहीतच धरलं आहे. त्यांनी रुसव्यांचे प्रकार पाडले आहेत. चहाचा रुसवा म्हणजे दुसऱ्याला चहा मिळाला, मला नाही. नावाचा रुसवा म्हणजे भाषणात माझं नाव घेतलं नाही. खुर्चीचा रुसवा सगळ्यांत वाईट, तो पुढाऱ्यांना होतो. "अन् तुहा?" त्या मला म्हणाल्या, "तुहा अकलेचा रुसवा आहे. त्याले औषध नाही."

तिसरी गोष्ट, पोचवणं. पाळी संपवून निघालेल्या प्रत्येकाला त्या फाटकापर्यंत सोडायला जातात. आभार मानत नाहीत. मात्र थोड्या वेळाने त्यांचा फोन जातो, "पोचला काय?" एवढंच विचारून ठेवून देतात. माझ्या पत्रकात 'समाज तुमचा ऋणी राहील' असं ठळक टाइपात छापलेलं असायचं. त्या ऋणापेक्षा माणसांना 'पोचला काय' जास्त गोड लागतं. आता सांगा, जळू नये तर काय करावं?

आणि याच्या वर कडी म्हणजे माझी आई.

माझी सख्खी आई माझ्या एकाही सभेला आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. एके दिवशी पाहतो तर दवाखान्याच्या बाकावर पदर खोचून बसलेली, मांडीवर कोणा बाळंतिणीचं पोर. घरी आल्यावर मी जाब विचारला.

"वच्छलाबाईनं आवतन देलं," आई म्हणाली. "तू कवा देलं?"

"अगं, मी घरातच आहे!"

"म्हणूनच त."

"आणि अक्षता घेतल्यास तू? आपण? छप्पन सालापासून या घरात—"

"अक्षता नाही त्या. आपल्यासाठी तिनं बिनहळदीचे ठेवले आहेत, येगळ्या पुडीत. इचारून देते ते बाई. खिचडीत टाकले मी."

म्हणजे काकूंनी याचाही विचार केला होता. माझ्या सिद्धांतासाठी त्यांनी वेगळी पुडी बांधली होती, आणि मला भांडायला काहीच ठेवलं नव्हतं.

तरी मी भांडलो. संस्थेच्या सभेत मी ठराव मांडला की आवतनाची पद्धत बंद करावी. माझं म्हणणं साधं होतं आणि माझं मत आजही तेच आहे. दुसऱ्याच्या दुःखापाशी जायला बोलावणं कसलं मागता? ज्याला माणूस म्हणवून घ्यायचं आहे त्याने आपण होऊन यावं. मानपान, रुसवेफुगवे, हळदीचे तांदूळ, ही सगळी जुन्या समाजाची लफडी आहेत. मी चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

"छान बोलला बाबू," त्या जाताना म्हणाल्या. "आता मले सकाळची झोप भेटन."

मी त्याच संध्याकाळी स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकला, 'सर्वांनी आपापल्या वाराला हजर राहावे.' सर्वांनी अंगठे दाखवले.

कोणी आलं नाही.

मी प्रवीणला गिरणीवर जाऊन गाठलं. तो खरोखर बुचकळ्यात पडला होता. "भाऊ, तुमी 'सर्वांनी' लिवलं होतं न. मले वाटलं येतीनच कोणी. माहं नाव कुठं होतं?"

"पण तुझा सोमवार होता!"

"हो, पण बोलावलं नाही अन् जाऊन बसलो, तं कसं वाटते ते? उपाशी आल्यासारखं."

आईनेही हेच ऐकवलं. "मले लाज वाटते रे. बिनआवतनाचं कोणाच्या मांडवात जाऊन बसल्यावानी."

मग मीच बसू लागलो. सकाळी शिकवण्या आटोपायच्या आणि बाकावर यायचं. उन्हाळा पेटलेला, लू लागलेल्या माणसांनी वॉर्ड भरलेला. बपेरा गावचा एक म्हातारा होता, मांडीचं हाड मोडलेलं, पोरगा मध्य प्रदेशात कुठेतरी कामाला. त्याच्यापाशी बसून मी त्याला सांगत होतो की त्याच्या गावाला दवाखाना का नाही आणि त्याला जबाबदार कोण. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, बराबर आहे तुमचं. पण ते डबा द्या पहिले."

डबा म्हणजे लघवीचा डबा. मी दिला.

पण एक माणूस किती ठिकाणी पुरणार? एका दुपारी मी औषधाच्या खिडकीच्या रांगेत उभा असताना तो म्हातारा पाणी घ्यायला स्वतःच वळला आणि खाटेवरून खाली घसरला. नशीब, मोडलेल्या पायावर पडला नाही. मोठ्या सिस्टरनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तुमच्या बाकाच्या भरवशावर आम्ही एकट्या पेशंटला ठेवून घेतो," त्या म्हणाल्या. "बाक रिकामा राहणार असेल तर तसं सांगा. साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत पाहू. नाहीतर तिथं स्ट्रेचर ठेवायला जागा होईल."

शनिवार होता. 'सोबत' सोमवारी संपणार होती, आणि ती संपवणारा माझाच एकमताचा ठराव होता. मी सरळ वच्छलाकाकूंच्या खोलीवर गेलो. माझी अपेक्षा होती की त्या तोंड फिरवतील. मी मनातल्या मनात उत्तरंही तयार केली होती. त्या दाराशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"लागलं का त्याले?"

"नाही."

त्या उठल्या आणि डबी पुसू लागल्या. मला ते सोसवेना. इतकं सोपं कसं?

"काकू, तुम्ही रागावल्या नाहीत? तुम्ही तर रुसव्यांचे एवढे प्रकार सांगता."

"रुसाले समोर समजावणारा कोणी लागते बाप्पा," त्या झाकण लावत म्हणाल्या. "मी रुसून बसली तं भाजीच करपन. चाल."

"मी?"

"ठराव तुहा होता न? मंग तोंड तूच दाखव."

"पण ठराव मागे घ्यायला आधी सभा बोलवावी लागेल."

"सभा मंग घे. सोमवार पहिले येऊन राहिला."

त्या दिवशी त्यांनी मला ऐन उन्हात गावभर फिरवलं. दारात उभं राहायचं, नाव घ्यायचं, वार सांगायचा, गप्प व्हायचं. गप्प होणं मला जमत नव्हतं. दोन वाक्यं बोललो की तिसरं आपोआप पत्रकासारखं सुरू व्हायचं, आणि काकू मागून कोपर मारायच्या. लोक मला नीट हसूनही दाखवत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि म्हणायचे, "काकू, लय दिवसानं आल्या!" हातावर तांदूळ मी ठेवायचो आणि चेहरे काकूंकडे पाहून फुलायचे. माझ्या आईनेसुद्धा, माझ्या हातून ते बिनहळदीचे दाणे घेताना, काकूंना विचारलं, "हाच येणार आहे का आता दररोज? का तुमी येसान?"

तरीही माणसं हो म्हणत गेली. सोमवारची सकाळ भरली, मंगळवार भरला. उरली फक्त सोमवारची दुपारची पाळी. ती अवघड, आणि ती नेहमी प्रवीणच करायचा.

प्रवीणच्या घरी मांडव होता. त्याच्या बहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि आज हळद. लांबूनच गाणी ऐकू येत होती. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली काकू थांबल्या आणि डबी माझ्या हातात दिली.

"जा. मी अथीच उभी रायते."

मी खूश झालो. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, अखेर त्यांनी मला लायक ठरवलं. संस्थेच्या सर्वांत भरवशाच्या माणसाला आवतन द्यायचा मान त्या मला देत होत्या. मी ताठ मानेने मांडवात शिरलो.

प्रवीणच्या आईने मला खुर्ची दिली, बुंदी दिली. प्रवीण धावत आला, त्याच्या कानालासुद्धा हळद लागलेली. मी त्याचं नाव घेतलं, तांदूळ दिले आणि शुद्ध दोन वाक्यांत सोमवारचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "लगन उद्या आहे भाऊ. सोमवारी चारले मी बाकावर." बाक वाचला होता. माझ्या तोंडून! मी बुंदीचा घास घेतला, तोच प्रवीणच्या आईने विचारलं, "एकटेच आले? वच्छलाबाई नाही आल्या?"

"आल्यात ना. तिकडे कोपऱ्यावर थांबल्या आहेत. बोलावू?"

तिने चटकन आत पाहिलं. आत तिची सासू आणि म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "नोका बोलावू. हळदीचा दिवस आहे न भाऊ… नवऱ्यानं वर्षाच्या आत आंबागडले माहेरी आणून सोडली होती तिले. माह्या मनात काही नाही, खरंच नाही. पण मोठी माणसं आहेत. तिलेही ठाऊक आहे. ते येतच नाही कोणाच्या लगनात." आणि ती उठली. "थांबा, ताट बांधून देते तिच्यासाठी."

मी बुंदी तशीच खुर्चीवर ठेवली. ताटाची वाट न पाहता बाहेर आलो. डोक्यात वाक्यं तयार होऊ लागली होती, मथळ्यासकट. काकू कडुनिंबाखाली उभ्या होत्या. मांडवाकडे पाठ, चेहरा रस्त्याकडे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आज त्यांनी काठाची साडी नेसली होती.

"झालं का काम?"

"काकू, हे मी चालवून घेणार नाही. तुम्ही रोज ज्यांच्या दारात जाता, ते लोक तुम्हाला—"

"काम झालं का म्हणते मी?"

"झालं. सोमवारी चारला येतोय. पण मी आत जाऊन त्या बायकांना विचारणार आहे—"

"काही विचारू नोको." त्यांनी माझ्या हातून डबी घेतली. "मले कोणी नाही म्हटलं नाही. मीच जात नाही. उद्या पोरीले संसारात काही कमीजास्त झालं, तं कोणाच्या मनात माहं नाव याले नोको. पोरीचा दिवस आहे आज. तुहं पत्रक उद्या काढ."

आतून गाण्याचा आवाज वाढला. काकू पिशवीत डबी ठेवत होत्या. ती बराच वेळ नीट बसत नव्हती. मग रस्त्याकडेच पाहत त्यांनी विचारलं, "नवरी कशी दिसून राहिली?"

"नवरी?" मी आठवू लागलो. "पिवळी."

"हळदीच्या दिवशी पिवळीच असते बाप्पा. हासून राहिली का रडून राहिली?"

मला सांगता येईना. माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"जा," काकू म्हणाल्या. "पाहून ये. मेंदी कुठवर काढली थेही पाहाजो."

मी परत मांडवात गेलो. प्रवीणच्या आईला वाटलं मी ताट न्यायला आलो, तिने ते माझ्या हातात दिलं. ते घेऊन मी बायकांच्या घोळक्यामागे टाचा उंचावून उभा राहिलो, सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या तरी हललो नाही. मग बाहेर येऊन कडुनिंबाखाली सांगितलं की नवरी हसतेय, मधेच आईकडे पाहून डोळे पुसते आणि पुन्हा हसते, नाकात चमकी आहे, आणि मेंदी कोपरापर्यंत काढली आहे.

काकूंनी ताट पदराखाली धरलं. मन लावून ऐकलं.

"कोपराच्या वर का खाली?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा आत गेलो.